सांध्यावरच्या उपचाराने हात चपळ होतो का? घरी मोजून ठरवायची रीत

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम जवळ आला की पेठांमधल्या तालीम संघांचे गोलकीपर दवाखान्यात येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "मॅडम, मनगट मोकळं करून दिलं तर हात लवकर जाईल का?" प्रश्न रास्त आहे. पेनल्टीची जागा गोलरेषेपासून ११ मीटरवर. ताशी ९० किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू हे अंतर ०.४४ सेकंदात कापतो. त्यातला जवळपास निम्मा वेळ चेंडू दिसणं आणि मेंदूने हुकूम सोडणं यातच जातो. उरलेल्या वेळात अख्खं अंग हलवायचं असतं. अशा खेळात सेकंदाचा शंभरावा भाग मिळाला तरी तो पोरांना हवाच असतो.

फिजिओथेरपिस्ट म्हणून माझं उत्तर आधी सांगते, मग ते स्वतः कसं तपासायचं ते सविस्तर बघू. सांधा दुखरा किंवा जखडलेला असेल आणि थेरपिस्टने हाताने हलवून-सरकवून केलेल्या उपचाराने तो मोकळा झाला, तर हाताची हालचाल वेगवान होते. सांधा मुळात चांगलाच असेल, तर त्यावर कितीही हात फिरवला तरी रिअ‍ॅक्शन टाइम, म्हणजे खूण दिसल्यावर हात हलायला लागायचा वेळ, कमी होईल असं मानायला भक्कम आधार नाही. तुम्ही या दोनपैकी कुठे बसता, हे एका पट्टीने, एका वहीने आणि थोड्या चिकाटीने कळतं. दहा सिटिंगचं पॅकेज घेण्याआधी ते कळलेलं बरं.

वेळ कुठे जातो ते आधी समजून घ्या

दिवा लागला की बटण दाबायचं, एवढ्या साध्या कामाला तरुण निरोगी माणसाला साधारण ०.२ ते ०.२५ सेकंद लागतात. आवाजावर प्रतिसाद द्यायचा असेल तर त्याहून थोडा कमी वेळ लागतो, कारण डोळ्याच्या पडद्यावरची प्रक्रिया कानापेक्षा हळू चालते. या वेळेचे दोन भाग पडतात. खूण दिसल्यापासून हात हलायला लागेपर्यंतचा वेळ म्हणजे रिअ‍ॅक्शन टाइम. हात हलल्यापासून जागेवर पोचेपर्यंतचा तो हालचालीचा वेळ.

लोक म्हणतात, "नस मोकळी झाली, आता संदेश भरभर जातोय." याचा हिशोब करून बघू. हाताच्या मुख्य नसेत संदेश सेकंदाला सुमारे ५० ते ६० मीटर वेगाने धावतो. मानेपासून बोटांपर्यंतचं अंतर साधारण ८० सेंटिमीटर. म्हणजे हा प्रवास सुमारे ०.०१५ सेकंदात आटोपतो. नस दहा टक्क्यांनी वेगवान झाली असं क्षणभर धरलं, तरी वाचणारा वेळ ०.००१५ सेकंद. तो कुणाच्या लक्षातही येणार नाही. मोठा वेळ जातो डोळ्यात, मेंदूत आणि स्नायू आवळला जाण्यात, आणि मनगटाच्या सांध्याला हात लावून त्यातलं फारसं काही बदलत नाही.

हालचालीच्या वेळेचं मात्र तसं नाही. मनगट मागे वाकताना कळ येत असेल तर माणूस नकळत हात आखडून धरतो. पुढे नेणारे आणि मागे ओढणारे स्नायू एकदमच ताठ होतात, त्यामुळे हात जातो, पण ब्रेक दाबून जातो. शिवाय दुखण्याकडे लक्ष अडकलेलं असलं की खूण दिसायलाही उशीर होतो. ही अडचण सांध्यावरच्या उपचाराने दूर होऊ शकते.

संशोधनातही साधारण हेच चित्र आहे. २००६ मध्ये अमेरिकेत फक्त १० जणांवर एक छोटा अभ्यास झाला. मणक्यावर कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हाताने दाब किंवा झटका देऊन करायचा उपचार घेतलेल्यांचा हालचालीचा वेळ सुमारे ९ टक्क्यांनी सुधारला, उपचार न घेतलेल्यांचा २ टक्क्यांहून कमी. जाहिरातीत वापरायला हा आकडा सोयीचा आहे, पण दहा जणांवरून निष्कर्ष काढता येत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मोठा होता. अमेरिकन सैन्याच्या विशेष दलातले १२० धडधाकट जवान घेतले, निम्म्यांना दोन आठवड्यांत चार वेळा उपचार दिला आणि हात, पाय, निवड करून प्रतिसाद देणं असं सगळं मोजलं. हाताच्या साध्या रिअ‍ॅक्शन टाइममध्ये दोन्ही गटांत फरक दिसला नाही. संपूर्ण शरीर हलवायच्या एका गुंतागुंतीच्या चाचणीत उपचारानंतर लगेच थोडा फायदा दिसला, तोही दोन आठवड्यांच्या शेवटी टिकलेला नव्हता. ज्यांना काही दुखत नव्हतं, त्यांच्याबद्दल माझ्या मते हा पुरावा पुरेसा बोलका आहे.

उपचाराला जाण्याआधी: कुणी जाऊच नये

मातीत किंवा मैदानात पंजा टेकवून पडलात, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर जो खळगा दिसतो तिथे दाबल्यावर दुखतंय, तर आधी एक्स-रे काढा. तिथे स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड असतं. त्याला चीर गेली तरी सूज फारशी दिसत नाही आणि पहिल्या एक्स-रेत ती चीर निसटूही शकते. म्हणून डॉक्टर पट्टा बांधून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढायला सांगतात. हे हाड जुळलं नाही तर पुढे मनगटाची कायमची झीज होते. आपल्याकडे हात मुरगळला की पहिली धाव हाड बसवणाऱ्याकडे असते, त्याने ओढून चोळून दिलं की दोन दिवस बरं वाटतं. स्कॅफॉइडला चीर असेल तर त्या ओढण्याने फार मोठं नुकसान होतं. कुस्तीतल्या आणि गोलमधल्या पोरांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते.

संधिवात, ठिसूळ हाडं, सांध्यात जंतुसंसर्ग, कर्करोगाचा इतिहास, रक्त पातळ करणारी औषधं यांपैकी काही असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय हा उपचार नको. दोन्ही हातांना मुंग्या, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं असलं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मानेबद्दल वेगळं सांगते. कटिंगच्या दुकानात मालिश झाल्यावर मान कडकन मोडून देतात. मानेच्या मणक्यांतून मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या जातात. जोरदार झटक्याने त्या फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. प्रमाण कमी आहे हे खरं, पण हात चपळ व्हावा एवढ्यासाठी तो धोका पत्करायचं काहीच कारण नाही. मानेला झटका देऊन घेऊ नका, कुणी कितीही हुशार असला तरी.

पहिलं काम: पट्टीने मोजणं

घरात ३० सेंटिमीटरची पट्टी असतेच. ती चालते, पण नवख्याच्या हातातून ती अख्खी निसटते, कारण ३० सेंटिमीटर पडायला तिला फक्त ०.२५ सेकंद लागतात. उद्यमनगरात कुणी ओळखीचं असेल तर वर्कशॉपमधली ६० सेंटिमीटरची स्टीलची पट्टी मागून आणा. सरळ पडते, आकडे स्पष्ट असतात.

खुर्चीत बसा. हाताची कोपरापासून मनगटापर्यंतची बाजू टेबलावर टेकवा, पंजा टेबलाच्या कडेबाहेर राहू दे. अंगठा आणि तर्जनीत दोन सेंटिमीटर फट ठेवा. ही फट दर वेळी तेवढीच हवी, म्हणून दोन सेंटिमीटर रुंदीचा पुठ्ठ्याचा तुकडा कापून ठेवा आणि प्रत्येक वेळी मध्ये धरून बघा. दुसऱ्याने पट्टी वरून धरायची, शून्याचा आकडा खाली, अंगठ्याच्या वरच्या कडेच्या पातळीवर. पट्टी बोटांना शिवता कामा नये. पकडणाऱ्याने पट्टीच्या खालच्या टोकाकडेच बघायचं, सोडणाऱ्याच्या हाताकडे किंवा तोंडाकडे नाही. सोडणारे ओठ आवळतात, श्वास धरतात, आणि पोरं बरोबर ती खूण पकडतात. सोडणाऱ्याने "तयार" म्हणायचं आणि मग दोन ते पाच सेकंदांत केव्हाही, आवाज न करता पट्टी सोडायची. "एक, दोन, तीन" म्हणून सोडली तर तुम्ही अंदाजाच्या वेळेचं माप घेताय.

पकडल्यावर अंगठ्याच्या वरच्या कडेला जो आकडा येईल तो लिहा. वेळ काढायची असेल तर १० सेंटिमीटरला ०.१४३ सेकंद, १५ ला ०.१७५, २० ला ०.२०२, २५ ला ०.२२६ आणि ३० ला ०.२४७. हे गुरुत्वाकर्षणाचं साधं गणित आहे, त्यामुळे सगळ्या पट्ट्यांना लागू. पाच सेंटिमीटरच्या आत पकडली तर तो आकडा खोडा. तेवढ्या वेळात, म्हणजे ०.१ सेकंदात, डोळ्याने बघून हात हलवणं जवळजवळ शक्य नाही. धावण्याच्या स्पर्धेत पिस्तुलानंतर ०.१ सेकंदाच्या आत निघालेल्याला चूक ठरवतात ते याच कारणाने.

तीन वेळा सरावाचं, मग दहा वेळा मोजायचं. दहा आकडे चढत्या क्रमाने लिहा आणि मधल्या दोघांची सरासरी घ्या. सगळ्यांची सरासरी काढली तर एखादी निसटलेली पट्टी निकाल बिघडवते. मग हेच दुसऱ्या हाताने करा. दुसरा हात का, ते पुढे सांगते.

मोबाइलवर बोट टेकवून मोजणारी अ‍ॅप्सही चालतात, फक्त फोन आणि अ‍ॅप बदलू नका. साध्या स्क्रीनचं चित्रच दर ०.०१७ सेकंदांनी बदलतं, त्यात स्पर्श ओळखायला फोनला वेळ लागतो. दोन फोनांचे आकडे एकमेकांशी जुळवण्यात अर्थ नाही.

हालचालही मोजा, कारण फरक पडला तर तिथेच

पट्टी मुख्यतः रिअ‍ॅक्शन टाइम दाखवते, कारण बोटांना दोनच सेंटिमीटर मिटायचं असतं. हुपरीत पैंजणाच्या कड्या जोडणारा कारागीर किंवा चपलेची वेणी वळणारी बाई यांना ती पट्टी कितपत उपयोगाची? त्यांना हवा असतो तो हाताचा झपाटा. त्यासाठी कागदावर चार सेंटिमीटर व्यासाची दोन वर्तुळं काढा, मध्यापासून मध्यापर्यंत २० सेंटिमीटर अंतर. पेनने एकदा इकडे, एकदा तिकडे, १५ सेकंदांत जमतील तेवढे ठिपके. वर्तुळाबाहेर पडलेले मोजायचे नाहीत. दर वेळी नवा कागद.

किंवा दोन वाट्या घ्या, एका वाटीत एकेक रुपयाची वीस नाणी. एकेक उचलून दुसऱ्या वाटीत टाकायची, लागलेला वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर. चिमटीत धरायची कामं करणाऱ्यांना ही चाचणी वर्तुळांपेक्षा जवळची वाटते.

तिसरी नोंद दुखण्याची: शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे असह्य. हीच सगळ्यात महत्त्वाची ठरते असा माझा अनुभव आहे.

निदान तीन दिवस नुसतंच मोजा

पोरांना हीच पायरी कंटाळवाणी वाटते आणि सगळा निकाल हिच्यावरच अवलंबून असतो. कोणतीही चाचणी दुसऱ्यांदा केली की आकडा सुधारतो, कारण हात ती चाचणी शिकतो. पहिल्याच दिवशी मोजलं, उपचार घेतला आणि परत मोजलं तर सुधारणा दिसणारच, आणि तिचं श्रेय उपचाराला जाणार. दवाखान्यांत "बघा, लगेच फरक" म्हणून दाखवतात ते अनेकदा एवढंच असतं. दाखवणाऱ्याच्या मनात खोट असेलच असं नाही, त्यालाही ते खरंच वाटतं.

म्हणून आकडे एका जागी स्थिरावेपर्यंत रोज मोजा. वेळ तीच ठेवा. चहा-कॉफी घेतली असेल तर रोज तेवढीच आणि त्याच वेळी, कारण कॅफिनने रिअ‍ॅक्शन टाइम सुधारतो. रात्री झोप झाली नसेल तर त्या दिवशी मोजू नका. डिसेंबरच्या पहाटे रंकाळ्यावर धावून आल्यावर गारठलेल्या हाताने तर मुळीच नको. हात थंड असला की नसेतला वेगही कमी होतो आणि बोटंही आखडतात. कोमट पाण्यात दोन मिनिटं हात धरा, पुसा, मग मोजा.

यातच एक सापळा आहे. बहुतेक दवाखान्यांत सांध्यावर हात लावण्याआधी शेक देतात. शेकाने हात गरम होतो आणि नुसत्या त्याने आकडा सुधारू शकतो. म्हणून एक दिवस घरीच पंधरा मिनिटं शेक घ्या, उपचार नाही, आणि शेकाच्या आधी व नंतर मोजा. शेकाने किती फरक पडतो ते तुमच्याकडे लिहिलेलं राहील.

उपचाराच्या टेबलावर काय होतं

फिजिओथेरपीची पदवी आणि परिषदेची नोंदणी असलेल्याकडेच जा, आणि नोंदणी विचारायला संकोच करू नका. चांगला थेरपिस्ट आधी दोन्ही मनगटं, कोपर, खांदा आणि मान हलवून बघेल. हातात कळ आहे म्हणून मूळ हातातच असेल असं नाही.

मनगटाचं उदाहरण घेते. तुमचा हात टेबलावर पालथा, मनगटाखाली टॉवेलची गुंडाळी. थेरपिस्ट एका हाताने मनगटाच्या वरचं हाड घट्ट धरतो, दुसऱ्या हाताने मनगटातल्या छोट्या हाडांची रांग पकडतो आणि तळव्याच्या दिशेने हलकेच सरकवतो. मनगट मागे वाकवताना ही हाडं तळव्याकडे सरकायला हवीत, आणि तीच सरक अडलेली असते. सेकंदाला साधारण दोन, अशा लयीत अर्धा ते एक मिनिट आणि असे दोन-तीन फेरे. ऑस्ट्रेलियाच्या मेटलँड यांनी या हालचालींच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्या दुखणं शमवायला, तिसरी-चौथी आखडलेपण घालवायला, आणि त्यापुढचा तो एकदाच दिलेला झटका, ज्यात कट्‌कन आवाज येतो. तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात दाब एकदम कमी होऊन वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज असतो. आवाज आला नाही म्हणून उपचार फुकट गेला असं समजू नका आणि तो काढायचा आग्रहही धरू नका.

कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखत असेल, म्हणजे ज्याला टेनिस एल्बो म्हणतात ते, तर न्यूझीलंडच्या मलिगन यांची पद्धत मला आवडते. थेरपिस्ट कोपराखालचं हाड बाहेरच्या बाजूला सरकवून धरतो आणि त्याच वेळी तुम्ही मूठ आवळता. बरोबर दिशा सापडली की न दुखता आवळता येणारी पकड जागच्या जागी वाढते. कळ तशीच राहिली तर दिशा चुकली, थांबून पुन्हा शोधायची. दुखत असताना रेटायचं नाही, ही या पद्धतीची पहिली अट आहे.

त्या दिवशी आणि त्यानंतर

उपचाराआधी मोजा. उपचारानंतर दहा मिनिटं शांत बसून मोजा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मोजा, आणि आठवड्याने पुन्हा. दर वेळी दोन्ही हात.

आता दुसऱ्या हाताचं काम. समजा उजव्या मनगटावर उपचार झाला आणि उजव्या हाताचा आकडा २० वरून १८ सेंटिमीटरवर आला. म्हणजे सुमारे ०.०१ सेकंदाची बचत. डावा हातही तेवढाच सुधारला असेल तर तो सरावाचा, शेकाचा किंवा अंगात आलेल्या हुरुपाचा परिणाम. फक्त उजवा सुधारला असेल तर पुढे बघा: आधीच्या तीन दिवसांत उजव्याचा आकडा आपोआप किती वरखाली होत होता? तोच १८ ते २१ मध्ये फिरत असेल तर हा १८ त्यातलाच एक. आकडा त्या मर्यादेच्या खाली गेला आणि आठवड्यानेही खालीच राहिला, तर मानायला हरकत नाही.

बहुतेकांच्या वहीत पट्टीचा आकडा जागेवर असतो, दुखणं मात्र सहावरून तीनवर आलेलं असतं आणि ठिपके वाढलेले असतात. हा चांगला निकाल आहे. गोलकीपरला वरच्या कोपऱ्यातल्या चेंडूला पंजा उघडून मागे वाकवता आला तर त्याचा उपयोग मैदानावर दिसतो. तीन-चार सिटिंगनंतर दुखणं, ठिपके, पट्टी यांपैकी काहीच हललं नसेल तर वही थेरपिस्टसमोर ठेवा आणि निदान पुन्हा तपासायला सांगा. तेच ते पुढे चालू ठेवू नका.

मोकळी झालेली हालचाल वापरली नाही तर सांधा परत आखडतो. कोपर सरळ ठेवून दुसऱ्या हाताने मनगट मागे ताणा, ३० सेकंद, तीन वेळा, रोज. मग भिंतीपासून दोन मीटरवर उभं राहून टेनिसचा चेंडू मारायचा आणि झेलायचा, आलटून पालटून दोन्ही हातांनी. जोडीदार मागून भिंतीवर चेंडू मारेल तर आणखी चांगलं, कारण मग चेंडू कुठून येणार ते आधी कळत नाही. खरा रिअ‍ॅक्शन टाइम घटतो तो अशा सरावाने आणि चेंडू मारणाऱ्याच्या पायाकडे, कमरेकडे बघून दिशा आधी ताडायच्या सवयीने.

शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात पॉवर प्रेसवर काम करणाऱ्यांना कळकळीने सांगते: हात हलका वाटायला लागला म्हणून गार्ड काढू नका, दोन्ही हातांनी एकदम दाबायची बटणं बांधून ठेवू नका. प्रेस खाली यायला लागल्यावर हात काढून घेता येईल इतका चपळ कुणाचाच हात नसतो.

सामना असेल त्या दिवशी सकाळी हा उपचार पहिल्यांदाच घेऊ नका. नंतर एक-दोन दिवस थोडं अंग दुखल्यासारखं होणं नेहमीचं आहे, म्हणून निदान तीन दिवस आधी घ्या. दुखणं दोन दिवसांनंतरही वाढतच असेल, बोटं बधिर होत असतील किंवा सूज आली असेल, तर पुढची सिटिंग रद्द करा आणि हात डॉक्टरांना दाखवा.